उसना कॉर्ड

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगावकडे रस्ता फुटतो, तिथे डाव्या हाताला लीलाधरकाकांचा ढाबा आहे. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं तिथे बसून गाण्यांवर बोलायचो. दोन वर्षं बसलो. आता कोणी बसत नाही, आणि त्याला थोडी मीही कारण आहे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

माझं नाव डिंपल. सडक अर्जुनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते, रिपोर्ट टाइप करते. बारावीपर्यंत गायचे. शारदोत्सवात गायचे, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तिच्या स्टेजवर एकदा गायले, आणि त्यानंतर आमच्या बाबांनी गाणं बंद केलं. बाबांचं नाव भैय्यालाल; त्यांचा शब्द घरात दोनदा सांगावा लागत नाही. तेव्हापासून मी कानात हेडफोन घालून नुसतं ऐकायचे, तेही पॉप. इंग्रजी, कोरियन, हिंदी, जे चालू असेल ते.

एका रविवारी बस चुकली म्हणून मी काकांच्या ढाब्यावर थांबले, तर आत स्पीकरवर इलेक्ट्रिक गिटार किंचाळत होती. ढाब्यावर असं काही ऐकायला येईल असं मला वाटलं नव्हतं. लीलाधरकाका पन्नाशीचे. बारा वर्षं भिलाईला ठेकेदाराच्या हाताखाली क्रेन चालवायचे. तिथे त्यांच्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा राहायचा. तो घरी जाताना कॅसेटची पेटी यांच्या हवाली करून गेला आणि परत आलाच नाही. त्या पेटीनं काकांना रॉकचं वेड लावलं. शब्द एक समजत नव्हता. "शब्द कायले पायजे?" म्हणायचे. "मानूस बोंबलून राहिला, म्हंजे त्याले काई तरी दुखून राहिलं. एवढं समजते."

उमेंद्र सर तिथे आधीपासून यायचे. पुण्याला इंजिनीअर झाले, कंपनीत होते, लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा गावी आले आणि इथेच राहिले. घरची शेती मोठी, मळणीयंत्रापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं स्वतःचं. पण शेतीत त्यांचा जीव नव्हता. कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायचे आणि घरी माडीवरच्या खोलीत गिटार, लॅपटॉप, माईक घेऊन बसायचे. संगीताची थिअरी त्यांनी इंटरनेटवरून एकट्यानं शिकली होती. इतक्या कष्टानं शिकलेली गोष्ट कोणाला तरी सांगायला हवी असते. आम्ही त्यांना मिळालो.

चौथा तिलक. तो नवेगाव बांधजवळच्या वस्तीतला. त्याचे वडील चैनलाल तलावावर जाळं टाकतात. तिलक धुमाल पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. लग्नाच्या वरातीत ट्रॉलीवर भोंगे, ड्रम, ताशे, आणि मधे हा उभा. पार्टी जेवायला ढाब्यावर थांबली असताना काकांच्या स्पीकरवर एक गिटारचा तुकडा लागला होता. तो यानं जेवण झाल्यावर कीबोर्ड काढून जसाच्या तसा वाजवला. सरांनी विचारलं, कोणत्या स्केलमध्ये वाजवलास? तो म्हणाला, "माहीत नाई जी. आयकलो, वाजवलो."

सर हसले. ते हसणं पुढे दोन वर्षं तसंच राहिलं.

त्या दुपारी चांगल्या होत्या, हे मी नाकारणार नाही. आम्ही कशावरही भांडायचो. काकांना रॉकमधला जो घोगरा, फाटका आवाज आवडायचा, त्यात सरांनी एकदा दाखवून दिलं की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर, पूर्णही नसतो, फक्त सा आणि प असतात. कॉर्ड हसरा मेजर की रडका मायनर हे ठरवणारा ग तिथे नसतोच. काका विचारात पडले आणि म्हणाले, म्हणजे तंबोराच झाला, फक्त करंट लागलेला. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

माझ्या पॉपची मात्र त्यांनी खैर ठेवली नाही. एका रविवारी त्यांनी माझ्या आवडीची दहा गाणी एकामागून एक त्याच चार कॉर्डवर वाजवून दाखवली. एक गाणं संपायचं, दुसरं त्यातूनच सुरू व्हायचं, हात हलायचा नाही. सगळे हसले, मीही हसले. पण त्या रात्रीपासून ती गाणी लावली की मला गाणं ऐकू येईना, चार कॉर्डच ऐकू येत. तिलक तेव्हा एवढंच म्हणाला होता की वरातीत आम्ही दोन-दोन घंटे एकाच ठेक्यावर वाजवतो, आणि लोक नाचतातच. सर म्हणाले, धुमाल हे संगीत नाही, आवाज आहे. तिलकनं मान हलवली. सरांचं त्याला खरं वाटायचं. तो सरांसाठी तलावातली ताजी मासोळी आणायचा आणि त्यांच्याकडून एका स्केलच्या सातही कॉर्डची नावं पाठ करायचा.

मागच्या उन्हाळ्यात, लग्नाचा हंगाम संपताना, तिलक कीबोर्ड घेऊन आला आणि म्हणाला, एक चाल बनवली आहे, आयका. काका आत भट्टीजवळ होते. सर आणि मी समोर बसलो.

त्यानं पांढरी एकला सा धरून सुरुवात केली. चाल साधी होती, थोडी झुलणारी, पाण्यावर नाव असावी तशी. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो 'म'वर थांबला, 'म'चा कॉर्ड धरला, आणि मग नुसतं मधलं बोट बाजूच्या काळ्या पट्टीवर सरकवलं. एवढंच केलं. मला चांगली बातमी वाचता वाचता मधेच काहीतरी आठवावं तसं झालं. मग चाल घरी परतली, पांढरी एकवर. पुढे अंतरा वाजवला, तिथेही एकदा तेच बोट सरकवलं.

सरांनी त्याला थांबवलं. तो काळी चारचा सूर चूक आहे म्हणाले. त्यांनी वहीचं पान फाडलं, त्यावर पांढरी एकच्या मेजरचे सात कॉर्ड लिहिले आणि विचारलं, यात तुझा हा आहे का? तिलकनं पानाकडे बराच वेळ पाहिलं. नव्हता.

"पन मले तसाच आयकू येते, सर."

"तुला ऐकू येतं म्हणून बरोबर होत नाही ना, तिलक. व्याकरण असतं. मेजर चालू आहे, मधेच रडायला काऊन लागलास?"

त्यानं बोट पांढऱ्या पट्टीवरच ठेवून पुन्हा वाजवलं. आता सगळं बरोबर होतं आणि चालीत काही उरलं नव्हतं. त्यालाही ते कळलं. "मजा गेली," म्हणाला, आणि कीबोर्ड पिशवीत घातला.  मला ऐकताना काय झालं ते शब्दांत सांगता आलं नसतं, आणि सरांसमोर व्याकरणाशिवाय काय सांगायचं?

पाच-सहा महिन्यांनी, धान कापणी चालू असताना, सरांनी मला घरी बोलावलं. त्यांनी चॅनल सुरू केलं होतं आणि एका गाण्यासाठी बाईचा आवाज हवा होता. माडीवरच्या खोलीत त्यांच्या बायकोनं, योगेश्वरीवहिनींनी, चहा दिला, सरांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि गिटारवर वाजवलेली चाल लावली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते 'म'वर थांबले, आणि मला पुन्हा तेच काहीतरी आठवल्यासारखं झालं.

मी हेडफोन काढला. "ही तर तिलकची आहे."

सर लाजले नाहीत. उलट उत्साहानं सांगायला लागले की त्या दिवसानंतर तो सूर त्यांच्या डोक्यातून जाईना, म्हणून त्यांनी शोध घेतला. त्याला नाव आहे. बॉरोड कॉर्ड म्हणतात. त्याच 'सा'च्या मायनरमधून उसना आणलेला. मोठमोठ्या बँडनी वापरलाय. "त्यानं फेकून दिली होती चाल," ते म्हणाले. "मी उचलली, दुरुस्त केली, शब्द लिहिले."

"त्याला विचारलं?"

"सांगतो मी त्याला. तू सूर लाव."

मी सूर लावला. हे मी कोणावर ढकलू शकत नाही. नऊ वर्षांनी कोणीतरी माझ्यासमोर माईक धरला होता, आणि ती चाल माझ्या गळ्यासाठीच केल्यासारखी होती. तिसऱ्या वेळी गाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी तोच ठेवला.

ते गाणं चाललं. पहिल्या महिन्यात अडीच लाख लोकांनी ऐकलं. गोंदियाच्या कॉलेजातली पोरं त्यावर रील करू लागली. आमच्या बाबांनी, ज्यांनी माझं गाणं बंद केलं होतं, पानठेल्यावर मोबाइल काढून लोकांना दाखवलं: ही आमची पोरगी. मला हे शेजारच्या दुर्गेश्वरीनं सांगितलं तेव्हा मी लॅबच्या मागे जाऊन रडले. मग सरांनी दुसरा व्हिडिओ टाकला, त्यात नुसतं समजावून सांगितलं होतं: चुकीचा वाटणारा कॉर्ड बरोबर का असतो. फळ्यावर सात कॉर्ड, आठवा लाल खडूनं. ही चाल कशी सुचली, तेही सांगितलं. म्हणे एका संध्याकाळी ते नवेगावच्या तलावाच्या काठी एकटेच बसले होते, आणि एक कोळी जाळं ओढत होता.

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. सरांना फोन केला नाही.

तिलक बरेच रविवार आला नव्हता, हंगाम होता. त्यांच्या पार्टीचा मालक सुकराम त्याला म्हणाला की लोक ते मोबाइलवालं गाणं मागतात, बसवून घे. तिलकनं ऐकलं, तर ती त्याचीच चाल होती. त्यानं ते वरातीत वाजवलंही, कारण मालकानं सांगितलं होतं. मग एका रविवारी तो कीबोर्ड न घेता ढाब्यावर आला आणि सरांच्या समोरच्या बाकावर बसला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"सर, तवा तुमी म्हटलं हा कॉर्ड चूक हाये. कागदावर लिहून देल्लं. आता बरोबर कसा झाला?"

"तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं," सर म्हणाले.

"मंग नाव तुमचं. चाल तं माही हाये ना."

सरांनी चहाचा कप बाजूला केला आणि वर्गात बोलतात तसं बोलायला लागले. चाल अशी कोणाची नसते, सूर सातच आहेत. तिलकच्या हाताला एक सूर चुकून लागला होता. चुकून लागणं वेगळं आणि समजून लावणं वेगळं. समजून लावणाऱ्याचं ते काम असतं. तरी तिलकचं मन राखायला ते व्हिडिओखाली 'विशेष आभार' म्हणून त्याचं नाव टाकतील.

"चुकून नाई लागला," तिलक म्हणाला. "आनि एक सूर नाई. अंतरा पन वाजवलो होतो. पूरा." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी होत्या समोर. सांगा ना."

ते दोघंही माझ्याकडे पाहत होते. सरांनी आदल्याच दिवशी मला पुढच्या गाण्याचे शब्द पाठवले होते. बाबा पानठेल्यावर मोबाइल घेऊन उभे आहेत, असं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. हे सगळं मी तेव्हा मोजलं असेल असं नाही. पण उशीर फार लागला नाही.

"मला नीट आठवत नाही, तिलक," मी म्हणाले.

काका गल्ल्यावरून उठून आले. "मी भट्टीवर होतो, पन मी आयकलो होतो. पूरा वाजवला होता त्यानं."

सर हसले. "काका, मेजर कोणता आणि मायनर कोणता, हे दोन वर्षांत तुम्हाला कळलं नाही. तुम्ही काय साक्ष देता?"

काकांना खरंच कळत नसे. ते स्वतःच दर रविवारी हसत सांगायचे. आता ते हसले नाहीत. हातातलं फडकं घेऊन परत गल्ल्यावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. तिलक बाकावरून उठला. मग गाडी सुरू करून नवेगावच्या रस्त्यानं गेला.

एवढं होऊनही पुढच्या रविवारी मी गेले, सरही आले. काकांनी स्पीकर लावला नाही. चहा आणून ठेवला आणि ट्रकवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसले. सर कुठल्याशा तालाबद्दल बोलत होते, मी हं हं करत होते. पाच वाजायच्या आतच आम्ही उठलो. तो शेवटचा रविवार.

माझं पुढचं गाणं झालं नाही. नागपूरच्या एका कंपनीला तेच गाणं पुन्हा नव्यानं रेकॉर्ड करायचं होतं आणि सरांनी तिथली शिकलेली गायिका घेतली. मला त्यांनी घरी बोलावून समजावलं. लॅपटॉपवर माझ्या आवाजाची रेघ काढून दाखवली. सरळ निळ्या रेषेखाली माझी लाल रेघ हलत होती. "इथे बघ, वीस सेंट खाली, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग. इथे पंधरा. कानाला कळत नाही, पण आहे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उपहास नव्हता. रिपोर्टमध्ये साखर जास्त निघाली की मी लोकांना ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात ते सांगत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं ती जागाही त्यांनी दाखवली. तिथे रेघ सगळ्यात खाली होती.

घरी येऊन मी व्हिडिओखाली लिहिलं. चाल तिलकची आहे, तो कॉर्ड त्याचा आहे, त्यानं वाजवला तेव्हा मी समोर होते, मी खोटं बोलले होते. सगळं लिहिलं, नावासकट. मला वाटलं, आता काहीतरी होईल. सरांनी ते काढून टाकलं नाही. त्याखाली शांतपणे उत्तर दिलं: डिंपल, तुझ्या साथीबद्दल मनापासून आभार. नवीन गायिका घेतल्याचं तुला वाईट वाटणं मी समजू शकतो.

त्या उत्तराला चारशे लोकांनी पसंती दिली. कोणी लिहिलं, जळते. कोणी लिहिलं, गाण्यातून काढलं तेव्हाच सत्य आठवलं का? लिहिणाऱ्याचं खरं होतं, तेव्हाच आठवलं होतं. म्हणजे आठवत आधीपासून होतं, बोलावंसं तेव्हाच वाटलं. बाबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पानठेल्यावर त्यांना कोणीतरी ते वाचून दाखवलं होतं.

मग एका सुटीच्या दिवशी मी नवेगावला गेले. तिलकचं घर विचारत विचारत सापडलं. तो अंगणात कीबोर्ड उघडून बसला होता, आतली एक तुटलेली तार सोल्डरिंगच्या काडीनं डाग देऊन जोडत होता. मला पाहून त्यानं खाट दाखवली. मी माफी मागायला आले आहे म्हणून सांगितलं. त्यानं काम थांबवलं नाही.

"त्या दिवशी आठवत होतं ना तुमाले?"

"हो."

"अंतरा पन?"

"पूर्ण."

त्यानं हातातली काडी खाली ठेवली. "मले वाटे मीच पागल झालो," तो म्हणाला. "तुमी म्हटलं आठवत नाई, तं मी घरी येऊन लय विचार केलो. कुठं आयकली असन का ही चाल? सपनात आयकली का? कोनी पह्यलेच बनवली असन आनि मी माही समजून बसलो. चार-पाच महिने झोप नाई लागली. सरानं नेली त्याचं एवढं नाई वाटलं. ते मोठे मानूस हायेत, नेतेतच. पन तुमी म्हटलं म्हून मले खरं वाटलं."

मी नवीन काही बनवतोस का विचारलं. तो म्हणाला, बनवायला बसलो की प्रत्येक सुराला वाटतं, हा कोणाचा असेल? मग बंद करतो. मी म्हणाले, मी सगळ्यांना सांगीन, पार्टीत येऊन सांगीन, सुकरामला सांगीन.

"आता नोका सांगू," तो म्हणाला. "लोकं तुमाले हासतेत, आनि माह्यावरही हासतीन." मग म्हणाला, "आवाज चांगला लागला होता तुमचा. थे खरं हाये." आणि तार-काडी उचलून आत गेला. परत बाहेर आला नाही.

त्याची आई, रामकलीबाई, चहा घेऊन आली. तिनं मला ओळखलं होतं. गाणं तिला फार आवडत होतं; शेजारची पोरं मोबाइलवर लावतात, तेव्हा कामं टाकून ऐकते म्हणाली. मग खाटेवर माझ्या बाजूला बसली आणि आतल्या दाराकडे पाहून आवाज बारीक केला.

"आमचा तिलक म्हनते, थे गानं त्यानंच बनवलं. बाप रागावते त्याले, असं म्हनू नोको म्हून. तुमी सांगा बाई, खरं हाये का?"

"खरं आहे, मावशी," मी म्हणाले. "त्यानंच बनवलं. मी समोर होते."

ती हसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मन राखता पोराचं. चांगल्या हा तुमी," ती म्हणाली, आणि मला चहा घ्या म्हणाली, थंड होऊन राहिला.